विकिपीडियाचा तास: लेखाआधी त्याचा इतिहास वाचा

शाळा-कॉलेजांत विकिपीडियाबद्दल एक अलिखित करार असतो. प्रकल्पाचा मजकूर तिथूनच उचलायचा आणि संदर्भसूचीत मात्र त्याचं नाव टाकायचं नाही. शिक्षकांना हे ठाऊक असतं, शिक्षकांना ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक असतं, आणि सबमिशनची तारीख तोंडावर आलेली असल्यामुळे कुणीच विषय काढत नाही. 'विकिपीडिया वापरू नका' ही सूचना त्यामुळे फळ्यावरच राहते. त्यापेक्षा तो उघडपणे वर्गात आणला तर काय शिकवता येतं, ते कुठे अंगाशी येतं आणि पुण्यात हे एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं तेव्हा काय झालं, ते इथे सांगतो.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी. त्यात कुणीही बदल करू शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येक बदलाची नोंद राहते, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. लेखाच्या वर 'इतिहास पहा' असं लिहिलेलं असतं. तिथे टिचकी मारली की लेख जन्मल्यापासून आजपर्यंत कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय घातलं आणि काय काढलं याची यादी उघडते. सातबारा वाचता येणाऱ्या घरातल्या मुलाला हे एका वाक्यात कळतं: लेख म्हणजे आजचा उतारा आणि इतिहास म्हणजे फेरफार नोंदी. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते उतारा सांगतो, ती तिथवर कशी आली ते फेरफार सांगतात.

माझ्या मते विकिपीडियाचा पहिला तास याच पानावर घालवावा. मुलांकडून लेख लिहून घेण्याची घाई नको. आपल्या तालुक्याचा, एखाद्या किल्ल्याचा किंवा लोकप्रिय नटाचा लेख घ्यावा आणि इतिहासातल्या कुठल्याही दोन आवृत्त्या शेजारी शेजारी लावायला सांगाव्यात. ती सोय तिथेच आहे. काय गेलं आणि काय आलं ते वेगवेगळ्या रंगांत दिसतं. मग प्रश्न विचारावेत. हे वाक्य का काढलं असेल? काढणाऱ्यानं कारण लिहिलंय का? 'महान' हा शब्द जाऊन नुसतं 'अभिनेते' का राहिलं? कुणी फक्त ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलंय आणि कुणी अख्खा परिच्छेद उडवलाय, यातला फरक यादीतल्या कोणत्या आकड्यावरून कळला? पाठ्यपुस्तक मुलांना नेहमी छापून, बांधून तयार मिळतं. मजकूर कुणीतरी बसून ठरवतं, त्यावर वाद होतात आणि एखादं विशेषण तीन वेळा आत-बाहेर करतं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

त्या यादीतल्या आकड्यांबद्दल एक उपयोगी गोष्ट सांगून ठेवतो. ते अक्षरांचे नसून बाइटचे असतात. संगणकात साठवताना इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरी चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते. त्यामुळे मराठी लेखात ९०० बाइटची भर पडली असं दिसलं तर प्रत्यक्षात ती जेमतेम ३०० चिन्हांची असते. 'ज्यानं जास्त बाइट भरल्या त्याला जास्त गुण' असा हिशेब मांडण्याआधी शिक्षकांनी हे लक्षात ठेवावं. खरं तर तसा हिशेब मांडूच नये, पण त्याकडे पुढे येतो.

इतिहासाला जोडून चर्चा पान असतं. प्रत्येक लेखाला एक. मराठीत पुष्कळ लेखांची चर्चा पानं रिकामी दिसतील, म्हणून हायस्कूलच्या किंवा कॉलेजच्या मुलांना वादग्रस्त विषयावरच्या इंग्रजी लेखाचं चर्चा पान दाखवावं. एखाद्या राजाची जन्मतारीख, एखाद्या लढाईत नक्की कोण जिंकलं, एखाद्या नदीचा उगम नेमका कुठला, यावर अनोळखी माणसं पानंच्या पानं भांडलेली असतात. त्यात उद्धटपणा असतो, हेकटपणा असतो, पण जिंकायचं तर शेवटी पुरावा आणावा लागतो. वक्तृत्व स्पर्धेत आवाज चढवून वेळ मारून नेता येते, इथे 'संदर्भ कुठंय?' या प्रश्नाशी येऊन गाडी थांबते. मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या जागेला चावडी म्हणतात, आणि तिथली काही भांडणं त्या नावाला जागणारी आहेत.

आता संदर्भांकडे. विकिपीडियाचा सगळ्यात जास्त चुकीचा समजला गेलेला नियम हा की तिथे 'मला माहीत आहे' याला किंमत नाही. लिहिलेली गोष्ट वाचकाला दुसऱ्या विश्वासार्ह, प्रकाशित साधनात पडताळून पाहता आली पाहिजे. वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात जो छोटा आकडा दिसतो तो या पडताळणीचा दरवाजा. आपली मुलं (आणि मोठी माणसंही) तो दिसत असून उघडत नाहीत.

तो न उघडल्यानं काय होतं याचं एक गमतीशीर उदाहरण आहे. कोआटी हा दक्षिण अमेरिकेतला लांब नाकाचा, रॅकूनच्या कुळातला प्राणी. २००८ मध्ये ब्राझीलला जाऊन आलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानं त्याच्या इंग्रजी लेखात गंमत म्हणून घालून दिलं की याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात. आर्डवार्क हा आफ्रिकेतला प्राणी, त्याचा कोआटीशी काही संबंध नाही. पण वाक्य टिकलं. पुढे ब्रिटिश वृत्तपत्रांनी आणि अगदी विद्यापीठीय प्रकाशनांनीही ते नाव वापरलं आणि मग त्याच बातम्या विकिपीडियावर त्या नावाचा संदर्भ म्हणून येऊन बसल्या. २०१४ मध्ये 'द न्यू यॉर्कर'नं हा प्रकार उजेडात आणला. पुराव्यानं पुराव्याला जन्म देण्याचा हा गोल वर्गात फळ्यावर बाणांनी काढून दाखवावा. 'अमुक पेपरात आलंय' हे ऐकल्यावर 'पेपरनं ते कुठून घेतलं?' असं विचारणारं मूल एका तासात तयार होईल असा माझा दावा नाही, पण प्रश्न तरी कानावर पडतो.

याच्या उलट बाजूचंही एक निरीक्षण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांच्यापुढे अनोळखी संकेतस्थळं ठेवली आणि 'यावर कितपत भरवसा ठेवाल?' असं विचारलं. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली-वर करत बसले, चकाचक मांडणीला आणि भारदस्त नावाला फसले. तपासनीसांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं, नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. त्यासाठी ते अनेकदा विकिपीडियावर गेले, आणि तिथेही लेख वाचण्याऐवजी बरेचदा तळाच्या संदर्भांकडे वळले. विकिपीडिया वर्गात शिकवायचा तो असा, तळाकडून वर. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेनं शिक्षकांसाठी २०२०-२१ च्या सुमाराला बोलिव्हिया, मोरोक्को आणि फिलिपीन्समध्ये जो प्रायोगिक प्रशिक्षण कार्यक्रम राबवला, त्याचाही भर लेख लिहिण्यापेक्षा वाचण्यावर होता, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पुण्यात काय झालं

२०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशननं पुण्यात एक प्रायोगिक शिक्षण कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये त्याआधीच्या वर्षी असाच प्रयोग सुरू झाला होता आणि तो बरा चालला होता. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालय (सीओईपी), सिम्बायोसिसची अर्थशास्त्राची शाखा आणि एसएनडीटी अशा संस्था सहभागी झाल्या. शेकडो विद्यार्थी इंग्रजी विकिपीडियावर आपापल्या अभ्यासक्रमातल्या विषयांवर लिहू लागले. त्यांना मदत करायला 'कॅम्पस ॲम्बेसेडर' नेमले होते.

थोड्याच महिन्यांत इंग्रजी विकिपीडियावरचे जुने संपादक हैराण झाले. पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारेच्या उतारे जसेच्या तसे लेखांत येत होते. ते काढले की पुन्हा येत होते. स्वच्छता करणारे सगळे स्वयंसेवक, कुठेतरी अमेरिकेत-युरोपात रात्री जागून एकेक परिच्छेद शोधत बसणारे. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग थांबवावा लागला.

यावर 'आपली मुलं कॉपीच करणार' असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला ते अर्धवट वाटतं. पहिलीपासून आपण प्रश्नाचं उत्तर 'पुस्तकातल्या शब्दांत' मागतो. गाइडमधलं वाक्य जसंच्या तसं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण आणि स्वतःच्या शब्दांत अडखळत लिहिणाऱ्याला अर्धे. प्रकल्पाच्या वहीत चित्रं चिकटवावीत तसा मजकूरही चिकटवायचा असतो, असंच मूल शिकतं. अशा मुलाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात अचानक सांगितलं की हे चालत नाही, तर त्याला मनापासून कळत नाही की नेमकं काय चालत नाही. चांगली माहिती होती, चांगल्या पुस्तकातून घेतली, मग राग कसला?

दुसरं कारण वेगाचं. मोजक्या मुलांवर सुरुवात करण्याऐवजी एकदम शेकडो. ज्यांनी शिकवायचं त्या प्राध्यापकांपैकी बहुतेकांनी स्वतः कधी संपादन केलेलं नव्हतं. मदतनीस उत्साही होते, पण त्यांच्यातलेही अनेक संपादनात नवेच. आणि भारतातल्या ज्या जुन्या विकिपीडियनांना हे सगळं बोटांवर येत होतं, त्यांच्याशी धागा पुरेसा जोडलाच नव्हता.

तुलनेसाठी कॅनडातल्या व्हँकुव्हरचं उदाहरण पाहा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बीसली-मरे यांनी २००८ मध्ये लॅटिन अमेरिकन साहित्याच्या वर्गाला लेख लिहायला लावले. अभ्यासक्रमाचं नावच 'खून, वेड आणि धुमाकूळ' अशा अर्थाचं होतं. विद्यार्थी थोडे, विषय ठरलेले, आणि विकिपीडियावरच्या मुरलेल्या संपादकांचा एक गट आपणहून मदतीला उतरला. गुणांची अटही वेगळी होती. विकिपीडियाच्या समाजानं लेखाला 'चांगला लेख' म्हणून मान्यता दिली की 'ए', आणि सर्वोच्च दर्जाचा निवडक लेख ठरवला की 'ए प्लस'. सत्र संपता संपता तीन लेख निवडक आणि आठ चांगले ठरले. पुन्हा पुन्हा लिहायला लावणारे परीक्षक कॉलेजबाहेरचे होते, आणि त्यांना तोंडी परीक्षेत गोड बोलून पटवता येत नव्हतं.

चोरी कशाला म्हणायचं आणि गुन्हा कशाला

पुण्याचा प्रकार समजून घ्यायचा तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. त्या वर्गात नेहमी एकत्र कालवल्या जातात.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचं निधन १९३७ मध्ये झालं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो, म्हणजे केतकरांच्या लेखनावरचा तो केव्हाच संपला. त्यांनी लिहिलेला मजकूर मी शब्दशः उतरवला तर कायदा मला काही म्हणणार नाही. पण ते माझं लेखन आहे असं भासवलं तर ती वाङ्मयचोरी झाली. उलट, काल वर्तमानपत्रात आलेला लेख मी लेखकाच्या नावासकट, तारखेसकट पूर्ण उतरवला, तर चोरी लपवली असं कुणी म्हणणार नाही, तरीही प्रताधिकाराचा भंग झालाच. पुण्यातल्या अनेक मुलांना वाटत होतं की खाली पुस्तकाचं नाव दिलं म्हणजे काम झालं. नाव दिल्यानं पहिला प्रश्न सुटतो, दुसरा तसाच राहतो. विकिपीडियावरचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. श्रेय देऊन आणि त्याच अटींवर तो पुढे कुणीही, अगदी विकायच्या पुस्तकातही, वापरू शकतो. दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर आपण असा जगाला वाटून टाकू शकत नाही.

शब्द इकडचे तिकडे केल्यानंही भागत नाही. 'महत्त्वाची भूमिका बजावली' च्या जागी 'मोलाची कामगिरी केली' टाकलं, वाक्यांचा क्रम तोच ठेवला, तर तो उताराच. साधा उपाय म्हणजे दोन साधनं वाचायची, दोन्ही मिटायची आणि मग लिहायचं. साधन एकच असेल तर मूल त्याची नक्कल करणारच, त्याचा इलाज नाही.

२०११ मध्ये चिकटवलेला उतारा शोधयंत्रात टाकला की सापडायचा. आता मूल एआयकडून परिच्छेद लिहून घेतं आणि तो कुठेच सापडत नाही. त्यात अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ, पानांच्या क्रमांकांसकट, रुबाबात बसलेले असतात. म्हणून संदर्भाचं पुस्तक किंवा त्या पानाचा फोटो हातात घेऊन दाखव, ही अट मी आज सक्तीची करेन.

मराठीत करायचं तर

मराठीत काम मुबलक आहे. इंग्रजीत नवशिक्याला जागाच सापडत नाही, इथे तालुक्यांचे, नद्यांचे, शास्त्रज्ञांचे दोन-चार ओळींचे लेख वाट पाहत असतात. म्हणूनच मोह होतो तो इंग्रजी लेख यंत्रानं भाषांतरित करून ओतण्याचा. स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या भाषेच्या विकिपीडियावर काय झालं ते इथे सांगण्यासारखं आहे. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलानं कोशाच्या आधारानं शब्द बदलत तिथे हजारो लेख लिहिले. २०२० मध्ये हे उघड झालं तेव्हा त्या भाषेच्या विकिपीडियाचा मोठा हिस्सा बनावट स्कॉट्समध्ये आहे असं निघालं. मराठीची अवस्था तशी नाही, पण 'तो यांच्या द्वारे स्थापित केला गेला' छापाची वाक्यं वाढत गेली तर वाचकही इंग्रजीकडेच जाईल. आठवीच्या वर्गाला अशी वाक्यं शोधून सरळ मराठीत करायला द्या. व्याकरणाचा यापेक्षा चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

लिहायचंच असेल तर सुरुवात धूळपाटीवर करावी. प्रत्येक सदस्याला सरावासाठी ती मिळते, आणि तिथे चुकलं तर कुणाचं बिघडत नाही. त्यानंतर आधीपासून असलेल्या लेखात संदर्भासह दोन वाक्यं. दोनच. एका वर्षात प्रत्येक मुलाची दोन वाक्यं टिकली तरी मी त्या शिक्षकांना नमस्कार करेन. गावाबद्दल लिहायचं तर जुनी जिल्हा गॅझेटिअर हाताशी आहेत. साताऱ्याचं १८८५ चं गॅझेटिअर आता प्रताधिकारमुक्त आहे आणि त्यात घाट, बाजार, पिकं, देवळं यांची बारीक माहिती आहे. मात्र ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेचं लेखन आहे, त्यातली जातींची वर्णनं आज तशीच उतरवता येणार नाहीत. लेखक कोण, कुणासाठी लिहितो, हा धडा आयताच मिळतो. मराठी विश्वकोशातली नोंद शेजारी ठेवून वाचली तर आणखी बरं.

एक अडचण खरी आहे आणि तिला सोपं उत्तर नाही. मूल आजीला विचारून गावच्या जत्रेची माहिती आणतं. ती कुठेही छापलेली नाही. विकिपीडिया ती घेत नाही, कारण तिथे स्वतःचं नवं संशोधन चालत नाही. ज्या समाजांचं ज्ञान तोंडी चालत आलं त्यांच्यावर हा नियम अन्याय करतो, अशी टीका जुनी आहे. अचल प्रभला यांनी २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक मुलाखतींनाच संदर्भ मानण्याचा प्रयोग करून पाहिला होता, पण तो सर्वमान्य झाला नाही. मुलाला 'आजीचं खोटं' असं मात्र वाटू देऊ नये. ती मुलाखत शाळेच्या अंकात छापावी, जत्रेचे स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या भांडारात चढवावेत. तिथे मूळ छायाचित्रांचं स्वागतच असतं.

शेजारी गोव्यात वेगळीच वाट सापडली होती. गोवा विद्यापीठानं २०१३ मध्ये आपला कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला, त्यामुळे त्यातला मजकूर कोंकणीच्या विकि प्रकल्पांत वापरायची वाट मोकळी झाली. बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठात भाषांच्या विद्यार्थ्यांना कन्नड, हिंदी, तमिळ विकिपीडियांवरचं काम अभ्यासाचा भाग म्हणून दिलं गेलं आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्यांनी तास वाया जातो. संगणक कक्षातले सगळे संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, आणि एका पत्त्यावरून दिवसाला सहाच नवी खाती काढू देतात. सातव्या मुलापाशी वर्ग अडतो. म्हणून खाती मुलांनी आधीच घरून, मोबाइलवरून काढून यावीत. टोपणनाव घ्यावं, खरं नाव, शाळा, इयत्ता, फोन काहीही सदस्य पानावर लिहू नये, कारण ते पान सगळ्या जगाला दिसतं आणि पुसलं तरी इतिहासात उरतं. मराठी टंकलेखनाची सोय विकिपीडियातच आहे, कंट्रोल आणि एम दाबलं की चालू-बंद होते.

आणि गुण. लेखाच्या लांबीला देऊ नयेत, बदल टिकला की नाही यालाही सरसकट देऊ नयेत, कारण चांगला बदलही एखादा हेकट संपादक उलटवतो, म्हणजे रद्द करून आधीची आवृत्ती परत आणतो. व्हँकुव्हरची पद्धत मुरलेल्या मदतनीसांशिवाय पेलणारी नाही. गुण द्यावेत ते मुलानं चर्चा पानावर काय लिहिलं याला. वाक्य का घातलं, कोणत्या पानावरून घेतलं, उलटवल्यावर चिडून पुन्हा चिकटवलं की कारण विचारलं. इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर खातं रोखलं जाऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवावं. शिवाय काम सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ठेवू नये. उत्तरं यायला दिवस लागतात, आणि परीक्षा आटोपून मुलं गावी गेल्यावर चर्चा पानावर आलेल्या प्रश्नाला मग कुणीच उत्तर देत नाही. निदान शिक्षकांनी ती पानं आपल्या पहाऱ्याच्या सूचीत टाकून ठेवावीत, म्हणजे त्यांवर बदल झाला की कळतं.